श्रद्धेसह समुपदेशन: नैराश्य आणि व्यसनाच्या कामात प्रार्थना कुठे, औषध कुठे

समोरचा माणूस बोलायला लागून पाच मिनिटं झालेली नसतात आणि समुपदेशकाचा हात पवित्र शास्त्राकडे जातो. बहुतेक भेटी तिथेच बिघडतात. वचन चुकीचं असतं असं नाही, ते वेळेआधी आलेलं असतं. समोरच्याला कळून चुकतं की आपलं बोलणं संपलं, आता ऐकायची पाळी. तो मान डोलावतो, 'आमेन' म्हणतो, आणि जे सांगायला आला होता ते तसंच घेऊन परत जातो.

या कामात क्रम सांभाळावा लागतो. १ राजे, अध्याय १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. आधी झोप, भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग लांबचा प्रवास, आणि त्यानंतर 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न, तोही दोनदा. दोन्ही वेळा एलीया जवळजवळ शब्दशः तेच गाऱ्हाणं सांगतो आणि कुणी त्याला मध्येच तोडत नाही. शेवटी त्याला पुढचं काम मिळतं आणि सोबतीला अलीशा. खालचं सगळं याच क्रमाने आहे: शरीर, जिवाची सुरक्षितता, ऐकणं, आणि मग वचन व प्रार्थना.

तुम्ही कोण आहात हे आधी ठरवा

पाळक, मंडळीतला प्रशिक्षित स्वयंसेवक आणि मानसशास्त्र शिकलेला ख्रिस्ती समुपदेशक या तिघांची कामं वेगळी आहेत. पाळकाने निदान करू नये. समुपदेशकाने पापकबुली ऐकून क्षमेची घोषणा करू नये. स्वयंसेवकाने दोन्ही करू नये. सोबत करावी, ऐकावं आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवावं. हे शेवटचं काम सगळ्यांत कमी लेखलं जातं आणि सगळ्यांत जास्त जीव तेच वाचवतं.

मानसशास्त्र आणि शास्त्र यांचा मेळ घालावा की नाही, यावर ख्रिस्ती जगात जुना वाद आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये फुलर सेमिनरी या ईश्वरविज्ञान महाविद्यालयाने मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय सुरू केलं. १९७० पासून पाळक आणि लेखक जे अ‍ॅडम्स यांनी त्याच्या उलट, समुपदेशन केवळ शास्त्रावर उभं असावं असा आग्रह धरला. हा वाद अभ्यासवर्गात जरूर घाला. तीन रात्री न झोपलेल्या माणसासमोर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

पहिल्या भेटीआधी एक पानी संमतिपत्र द्या. त्यात साध्या भाषेत लिहा: तुमचं शिक्षण काय, तुम्ही काय करू शकत नाही, भेट किती वेळाची, नोंदी कुठे राहतील. श्रद्धेचा विषय येईल, पण तो नको म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे आणि नको म्हटलं म्हणून मदत थांबणार नाही, हेही लिहा. गुप्ततेच्या मर्यादा स्पष्ट हव्यात: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाचा छळ होत असेल, तर गप्प राहता येणार नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर पुढे बोलायची वेळ येते तेव्हा तो विश्वासघात ठरतो.

मंडळीत गुप्तता फुटते ती बहुधा प्रार्थनेच्या वाटेने. 'एका भावासाठी प्रार्थना करू या, नाव सांगत नाही, पण घरात दारूमुळे फार त्रास आहे.' साठ जणांच्या मंडळीत एवढ्यावर सगळे एकाच घराकडे पाहतात. प्रार्थनेच्या गटात काही सांगायचं असेल तर त्या माणसाने स्वतः, त्याच्या शब्दांत सांगावं. तुम्ही सांगू नका, नाव वगळूनही नाही. आणि भक्तीनंतर बाहेर भेट झाली तर ओळख कशी दाखवायची, हे आधीच विचारून ठेवा. काहींना नुसता नमस्कारही जड जातो.

पहिली भेट

पन्नास ते साठ मिनिटं. त्यातली पहिली चाळीस तरी वचनाशिवाय. झोप किती, भूक कशी, कोणती औषधं चालू आहेत आणि मनाने कोणती बंद केली, दारू किंवा इतर पदार्थ किती व कधीपासून, आधी उपचार झाले का, घरात कोण आहे. थायरॉइड कमी असणं, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता हेही नैराश्यासारखे दिसतात. म्हणून डॉक्टरकडून एकदा साधी तपासणी करून घ्यायला सांगायचं. शरीराने मागितलेली मदत आत्म्याच्या खात्यावर टाकायची नाही.

दोन प्रश्नावल्या हाताशी ठेवा. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, एकूण गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे पाठवा; वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र, तिथे उद्यावर ढकलू नका. एकूण गुण कितीही असोत, नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर त्याच दिवशी, त्याच खोलीत बोलायचं. तो प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट प्रश्नावली आहे: दहा प्रश्न, ० ते ४० गुण. आठपासून पुढे पिणं धोक्याचं मानतात, वीस आणि पुढे अवलंबित्वाची शक्यता मोठी. या प्रश्नावल्यांनी निदान होत नाही. किती घाई करायची एवढं कळतं.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. विश्वासी माणसाकडून मिळणारं उत्तर मात्र नीट ऐकावं लागतं.

'कधी स्वतःला संपवावं असं मनात येतं का, ताई?'

'छे, ते पाप आहे. मी तसं काही करणार नाही.'

हे उत्तर प्रश्नाचं नाही. विचार येतो का असं विचारलं होतं, आणि सांगितलं गेलं ते तो विचार बरा की वाईट.

'पाप आहे हे तुम्ही मानता, ते कळलं. पण विचार येतो का?'

'...कधीकधी वाटतं, प्रभूने आता मला घरी न्यावं.'

इथे थांबायचं. 'प्रभूने घरी न्यावं' हे मरणाच्या इच्छेचं मंडळीत चालणारं रूप असू शकतं. ऐकायला ते इतकं भक्तिमय असतं की बहुतेक जण 'आमेन' म्हणून पुढे जातात. पुढचे प्रश्न क्रमाने: हे किती वेळा वाटतं? कसं करायचं याचा विचार झाला आहे का? ते साधन घरात आहे का? आधी कधी प्रयत्न केला होता का? योजना आणि साधन दोन्ही असतील तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात कुणीतरी सोबत जाऊन पोहोचवा. 'आपण प्रार्थना करू आणि उद्या बोलू' हे इथे चालत नाही.

धोका तातडीचा नसेल तर सुरक्षा-आराखडा त्याच भेटीत, त्यांच्याच हाताने लिहून घ्या. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या आराखड्यात सहा पायऱ्या आहेत: धोक्याची खूण कशी ओळखायची; एकट्याने काय करून मन आवरता येतं; कोणती माणसं, कोणत्या जागा मन दुसरीकडे नेतात; मदत मागायची तर कुणाला; कोणता डॉक्टर, कोणती हेल्पलाइन; आणि घरातली घातक साधनं कोण, कुठे हलवणार. स्तोत्र म्हणणं दुसऱ्या पायरीत बसतं, मंडळीतली मैत्रीण तिसऱ्या किंवा चौथ्या. पाचवी आणि सहावी पायरी स्तोत्राने भरून निघत नाही. साठवलेल्या गोळ्या कुणीतरी उचलून न्यायच्याच असतात.

श्रद्धा विचारायची, गृहीत धरायची नाही

माणूस मंडळीत येतो म्हणजे श्रद्धा त्याला आधार देते असं नसतं. कधी तीच घाव असते. डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी वैद्यकीय भेटीसाठी बनवलेली चार मुद्द्यांची चौकशी इथेही चालते: तुमची श्रद्धा काय, आयुष्यात तिचं वजन किती, सोबत करणारा समुदाय कोणता, आणि आपल्या भेटीत ती कशी यावी असं तुम्हाला वाटतं. आम्ही पाचवा प्रश्न जोडू: 'या क्षणी देव तुमच्याकडे बघत असेल, तर त्याचा चेहरा कसा असेल?' धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेलं उत्तर इथे फार वेळ टिकत नाही.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटातल्या श्रद्धेचे दोन प्रवाह वेगळे करून दाखवले. देव सोबत आहे, माणसं सोबत आहेत, मी क्षमा मागू शकतो, हा एक. देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलं, हे सैतानाचं काम, हा दुसरा. आणि हा दुसरा वाढत्या त्रासाशी जोडलेला आढळतो. दुसऱ्या प्रवाहातली वाक्यं ऐकू आली की जशीच्या तशी लिहून ठेवा. पुढच्या भेटींचा कच्चा माल तोच.

व्यसन: घोट थांबण्याआधी डॉक्टर

सभेत कुणी पुढे येतो, बाटली वेदीपाशी ठेवतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि तो एकटा घरी जातो. रोज भरपूर पिणाऱ्यासाठी पुढचे चार दिवस धोक्याचे असतात. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: माणूस भ्रमिष्ट होतो, नसलेल्या गोष्टी पाहतो, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न झाल्यास यात जीव जाऊ शकतो. नेमक्या याच अवस्थेत घरचे 'भुताने धरलं' म्हणून भुते काढायला कुणाला तरी बोलावतात.

म्हणून आधी फिट आली असेल, डिलिरियम झाला असेल, सकाळी उठल्याबरोबर प्यावं लागत असेल किंवा ऑडिटचे गुण वीस किंवा जास्त असतील, तर दारू बंद करणं डॉक्टरच्या देखरेखीखालीच. तिथे थरथर आणि फिट आवरायला बेंझोडायझेपिन देतात, आणि थायमिन म्हणजे बी-१. थायमिन नुसतं टॉनिक म्हणून देत नाहीत. ते कमी पडलं तर वेर्निकेचा मेंदूविकार होतो: तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, गोंधळ उडतो, आणि पुढे स्मृती कायमची जाऊ शकते. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेंझोडायझेपिन गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनीही त्या एकदम सोडू नयेत. तिथेही फिट येते; मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

ओपिऑइड, म्हणजे हेरॉइन, अफू आणि तशी वेदनाशामकं, यांचं गणित उलटं आहे. सोडताना हाल होतात पण निरोगी प्रौढाचा जीव सहसा जात नाही. धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि माणूस घसरला की जुनीच मात्रा घेतो. निवासी केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच फार नाजूक. घरच्यांना नॅलोक्सोन (ओपिऑइडच्या ओव्हरडोसवरचा उतारा) कसं वापरायचं ते शिकवा आणि ते घरात असू द्या. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या ओपिऑइडच्या व्यसनावरच्या औषधांवर असलेल्या माणसाला 'एक व्यसन जाऊन दुसरं आलं' असं म्हणू नका. ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतलेलं ते औषध ओव्हरडोसचे मृत्यू कमी करतं. मंडळीच्या दबावाखाली ते थांबवलेला माणूस सगळ्यांत असुरक्षित असतो.

आणि प्रभुभोजनाचा पेला. दारू सोडल्यावर काहींना डायसल्फिराम देतात. हे औषध पोटात असताना थोडीशी दारू गेली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. मंडळीत आंबवलेला द्राक्षारस वापरत असाल तर या माणसासाठी न आंबवलेला रस हवा, आणि तो त्याला वेगळं उभं न करता मिळायला हवा. सोपा उपाय म्हणजे सगळ्यांसाठीच रस ठेवणं. जिथे परंपरा ते मानत नाही तिथे त्याने केवळ भाकर घ्यावी, आणि हे सेवकाला आधी माहीत असावं, म्हणजे पेला पुढे करून कुणी थांबून राहणार नाही. औषध नसतानाही नुसत्या वासाने तलफ उठू शकते. थॉमस ब्रॅमवेल वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षरस तापवून न आंबता टिकवण्याची रीत बसवली ती प्रभुभोजनासाठीच. हा प्रश्न काही नवा नाही. जाता जाता: घरच्यांनी डायसल्फिराम जेवणात गुपचूप मिसळणं धोकादायक आहे. तसं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

तलफ, घसरण, साक्ष

तलफ लाटेसारखी येते, चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. हे माणसाला माहीत नसतं. त्याला वाटतं, प्यायल्याशिवाय ती जाणारच नाही. म्हणून खिशात मावेल असं एक कार्ड त्याच्याकडून लिहून घ्या. पाच ओळी पुरतात:

भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी आत्ता काय आहे?
आधी पाणी पी आणि काहीतरी खा.
ही जागा सोड, वीस मिनिटं चाल.
या दोघांना फोन कर (दोन नावं, दोन क्रमांक).
एका श्वासाची प्रार्थना, त्याच्या शब्दांत.

प्रार्थना पाचव्या ओळीत का, असं कुणीतरी विचारतंच. ती पहिल्या ओळीत ठेवली तर उपाशी, रागावलेला माणूस तिथेच अडकतो, आणि तलफ गेली नाही की देवानेही ऐकलं नाही असं समजतो. चालून आल्यावर तीच प्रार्थना आत शिरते.

बारा पायऱ्यांचा कार्यक्रम चालवणाऱ्या गटांशी संबंध ठेवा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा असा पहिला गट. तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाला, आणि त्याची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत. तिथे देवाचं नाव मोघम घेतात म्हणून काही पाळकांना ते खटकतं. पण पाचवी पायरी, म्हणजे आपल्या चुका देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे नेमक्या कबूल करणं, ही याकोब ५:१६ पासून ('एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा') फार लांब नाही. तुम्हाला ती ऐकायला बोलावलं तर दोन-तीन तास मोकळे ठेवा, फोन बंद करा, काही लिहून घेऊ नका. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. नवव्या पायरीला, भरपाई करताना, लगाम लागतो. स्वतःचं ओझं उतरवण्यासाठी जोडीदारावर सगळी गुपितं एका संध्याकाळी ओतणं ही भरपाई नव्हे. पायरीतच म्हटलं आहे की कुणाला इजा होणार असेल तर नाही.

घसरण होईल असं धरूनच योजना करा. एक पेला घेतला गेला तर पुढच्या तासात कुणाला सांगायचं, हे शुद्धीवर असताना ठरवायचं. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी दाखवलं की पहिल्या पेल्याहून जास्त नुकसान त्यानंतरचा विचार करतो: 'आता सगळं गेलंच, मग पिऊनच टाकू.' विश्वासी माणसात या विचाराला आणखी धार येते, कारण त्याला वाटतं की तारणही गेलं. म्हणून त्या फोनवरचा पहिला प्रश्न 'असं का केलंस' हा नसावा. 'तू आत्ता कुठे आहेस, सोबत कोण आहे, किती घेतलीस' हे विचारा. कारणं पुढच्या भेटीत.

साक्ष लवकर द्यायला लावू नका. एक वर्ष तरी जाऊ द्या, हे आमचं मत. काही जण आणखी थांबायला सांगतील. तिसऱ्या महिन्यात मंचावरून 'प्रभूने मला पूर्ण सोडवलं' म्हटलेला माणूस पाचव्या महिन्यात घसरला तर तो फोन करत नाही, मंडळी सोडतो.

घरच्यांसाठी एक फरक स्पष्ट करून ठेवा. क्षमा एका बाजूने देता येते. विश्वास दोन्ही बाजूंनी, हळूहळू, वागणुकीवर बांधला जातो. क्षमा केली म्हणून पैशांच्या किल्ल्या परत द्यायच्या नसतात. मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. समोर बोललेल्या शब्दाची किंमत तिला घरी मोजावी लागते. आधी तिची सुरक्षितता, वेगळ्या भेटी, आणि कायद्याची मदत कुठे मिळेल ती माहिती.

आता प्रार्थना आणि वचन

परवानगी दर वेळी विचारा, 'प्रार्थना करू का?' एवढंच नव्हे, 'आज कशासाठी करू?' असंही. म्हणजे मागणं त्यांचं राहतं. एक मिनिट पुरतं. ज्या गोष्टी तोंडावर बोलायला तुम्ही धजावला नाहीत त्या प्रार्थनेत घुसडू नका. 'प्रभू, हिला आपल्या सासूला क्षमा करायला शिकव' हा डोळे मिटून दिलेला सल्ला असतो. बरं होण्याचं वचन देवाच्या वतीने देऊ नका. हात ठेवायचा तर विचारून. अत्याचार सोसलेल्यांना डोक्यावर अचानक आलेला हात भीतीचा झटका आणू शकतो.

नैराश्यात स्तुतीपेक्षा विलापाची स्तोत्रं आधी उपयोगी पडतात. स्तोत्र १३ सहा ओव्यांचं आहे: पहिल्या दोनांत 'कुठवर?' ही तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. गृहपाठ असा द्या की या आठवड्यात केवळ पहिल्या दोन ओव्या स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. भरवशाच्या ओव्या नकोत. बरेच जण तरीही लिहून आणतात, कारण तक्रारीवर थांबण्याची त्यांना भीती वाटते. मग त्या भीतीवरच बोलता येतं. कुणी म्हणालं की शेवट आशेने व्हायलाच हवा, तर स्तोत्र ८८ दाखवा. ते अंधारातच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

विचारांची नोंदवही इथेही चालते. समजा वाक्य आलं: 'इतकी प्रार्थना करूनही चिंता गेली नाही, म्हणजे माझा विश्वास खोटा.' कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात हे वाक्य आणि त्यावर किती टक्के विश्वास बसतो ते: ९०. दुसऱ्यात, हे खरं वाटायला लावणारं काय काय आहे. तिसऱ्यात, या वाक्यात न बसणारं काय आहे. इथे तुम्ही उत्तर देऊ नका. विचारा, 'शास्त्रात कुणी वारंवार मागूनही मिळालं नाही असं आठवतं का?' पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला, हे बहुतेकांना स्वतःच आठवतं. शेवटी पुन्हा आकडा विचारा. तो ९० वरून ६० वर आला तर भेट चांगली झाली. शून्यावर आला तर तुम्हाला खूश करण्यासाठी सांगितला असण्याची शंका घ्या.

एक अपवाद नीट ओळखा. काही माणसं तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतात: प्रार्थना नीट झाली नाही, पश्चात्ताप मनापासून नव्हता, मनात देवनिंदेचा शब्द आला. तुम्ही 'देवाने क्षमा केली आहे' म्हणता, तासभर बरं वाटतं, मग पुन्हा फोन. ही अतिदक्ष विवेकाची व्याधी, बहुधा ओसीडीचं (नको ते विचार आणि कृती वारंवार करायला लावणाऱ्या आजाराचं) धार्मिक रूप. इथे तुमचा दिलासा औषधासारखा वाटतो पण रोगाला खत घालतो. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनाही १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मनरेसा इथे या शंकांनी इतकं छळलं की जीव द्यावासा वाटला. उपचार म्हणजे ईआरपी (शंकेला सामोरं जायचं, पण दिलासा घ्यायचा नाही, असा सराव) जाणणारा थेरपिस्ट, गरज पडल्यास औषध, आणि पाळकाशी ठरलेला नियम: एका पापाची कबुली एकदाच, आणि दिलासा मागणाऱ्या फोनला एकच ठरलेलं उत्तर, 'यावर आपण आधी बोललो आहोत, आता शंकेसह पुढे जाऊ.' हे बोलायला कठोर वाटतं. नियम सगळ्यांनी पाळला तरच चालतो. एक वडील चुकून दिलासा देऊन बसले की चक्र पुन्हा सुरू.

जिथे थांबायचं

आवाज ऐकू येतात, कुणीतरी मारायला टपलंय असं वाटतं, किंवा तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना आहे, भराभर बोलतोय, देवाने खास निवडलं असं सांगतोय आणि सगळी बचत मंडळीला द्यायला निघालाय. यात सुटका-प्रार्थनेच्या सभा भरवू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ते पैसे स्वीकारू नका. उन्माद ओसरल्यावर त्याला घर चालवायचं आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आई भ्रमिष्ट झाली, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, तर ती त्याच दिवसाची आपत्कालीन बाब आहे.

औषध बंद करायला कधीही सांगू नका, सूचक शब्दांतही नाही. नैराश्यावरची गोळी लागू व्हायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके येतात. त्याहून फसवी गोष्ट अशी की काहींना सोडल्यावर आधी बरंच वाटतं, चंगाई झाली म्हणून साक्षही दिली जाते, आणि आजार काही महिन्यांनी परत येतो. तेव्हा दोष औषध सोडण्याला न देता त्या माणसाच्या विश्वासाला दिला जातो.

उपासाबद्दल विचारल्याशिवाय उपास सुचवू नका. लिथियम (उन्माद आणि नैराश्याच्या फेऱ्यांवरचं औषध) घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम विषारी पातळीवर जाऊ शकतं: हात जोरात कापतात, जुलाब, उलट्या, अडखळती चाल. मधुमेह, खाण्याचे विकार आणि दारू सोडल्याचे पहिले महिने इथेही उपास नको. काही सोडायचंच असेल तर रात्रीचा मोबाइल सोडायला सांगा; झोप तरी मिळेल.

भेटी आठवड्यातून एक, आठ ते बारा. दर दोन-चार आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा भरून घ्या. सहा आठवड्यांत गुण उतरत नसतील तर 'आणखी प्रार्थना करू' म्हणून ओढत नेऊ नका, पुढे पाठवा. आणि पाठवताना नुसतं नाव देऊ नका, तुमच्यासमोर फोन लावून वेळ ठरवा, पहिल्या भेटीला सोबत कोण जाणार ते विचारा. पाठवल्यावर तुमचं काम संपत नाही. पुढच्या रविवारी 'डॉक्टरांकडे जाऊन आलात का, ताई?' असं चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारायचं. आणि महिन्यातून एकदा तुमच्या नोंदी घेऊन तुम्हीही एखाद्या अनुभवी पर्यवेक्षकासमोर बसा. तिथे पहिला प्रश्न असा असू द्या की या महिन्यात कोणत्या भेटीत तुम्ही वचन फार लवकर काढलं.